दोन सेकंदाचं काम

...गंमत म्हने! अहो, कायची गंमत? गंमत कशी पायजे, की करनाराही हासला, ज्याची केली तोही हासला, चहा आला, मिटला विषय. ही कोनती गंमत, की करनारी पोट्टी रडत रडत स्कुटी घेऊन रस्त्यानं पळून राह्यली, आन ज्याची केली तो मानूस शांत! एकदम शांत! तुमाले सांगतो, दोन सेकंदाचं काम होतं. दोन सेकंदाचं! माऊसचं उजवं बटन दाबा, दोन ठिकानी टिचकी मारा, झालं. पन त्या दोन सेकंदापायी आमच्या शुभांगीनं त्या दिवशी काय काय भोगलं, ते ऐका तुमी. अन् मंग मले सांगा, गंमत कोनाची झाली ते.

आमचं ऑफिस म्हंजे काय मोठं नाई. वाशीमात, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. भाजीपाला पिकवनाऱ्या लोकायची संस्था. वांगेवाले, टमाटेवाले, सांबारवाले म्हंजे कोथिंबीरवाले, समदे आमचे सभासद. चार टेबलं, चार कॉम्प्युटर, एक कूलर, तो सुरू केला की ओल्या पोत्याचा वास मारते म्हनून आमी तो बंदच ठेवतो. आन शुभांगी म्हंजे आमची टाइप करनारी. सव्वीस वर्षांची पोरगी, बोटं अशी चालते की आपन वाक्य बोलून तोंड बंद कराच्या आधी तिचं टाइप झालेलं असते. दिवसाचं काम दुपारी बाराले खतम! मंग बाकीचा दिवस कराचं काय? तर मोबाइलवर कुठीतरी वाचलं तिनं, ऑफिसातल्या मानसायच्या कॉम्प्युटरवर कराच्या निरुपद्रवी गमती. निरुपद्रवी! शब्द पाहा ना कसा शोधून काढला!

पहिला नंबर माहा. सकाळी आलो, बसलो, माऊस हालवतो तर बाण जागचा हालत नाई. आपटला, फुकला, तार काढून परत लावली... अर्धा घंटा! शेवटी शुभांगी म्हनते, "भाऊ, उलटा करून पाहा ना." उलटा केला तर पोटाखालच्या लाल दिव्यावर चिकटपट्टी! दुसरा नंबर बाजूच्या टेबलावरल्या पवनचा. त्याची स्क्रीनच उलटी करून ठेवली, अक्षरं पाय वर करून उभे. पवन कसा मानूस, तर त्यानं कोनाले इचारलंच नाई, मान वाकडी करून दोन पत्रं टाइप केले, अन् मंग दोन दिवस मान धरली म्हनून गळ्याले गमछा गुंडाळून फिरला. आन तिसरी गंमत तर... माह्या कॉम्प्युटरात तिनं असं काही करून ठेवलं की मी 'महोदय' लिहलं की आपोआप 'मामाजी' होत जाय, सासऱ्याले म्हनते तसं. साहेबाले पत्र छापलं, 'आदरनीय मामाजी, आपल्या सेवेशी सविनय सादर'! सही कराच्या टायमाले नजर पडली म्हनून, नाई तर साहेब माह्या सासरी चौकशी कराले गेला असता.

आमी हासलो. कबूल! लय हासलो. पन एक टेबल असं होतं की तिकडे जायची तिची छाती नोती होत. हेमसिंगबाबू!

हेमसिंगबाबू म्हंजे आमचे हेडक्लार्क. रिटायरमेंटले दीड वर्ष. पांढरा शर्ट, खिशाले दोन पेन, बोलनं मोजकं. पन्नाशीत कॉम्प्युटर शिकले हो ते! शिकले म्हंजे कसे, स्क्रीनवर कोनतं चित्र कुठी हाये ते पाठ केलं. वरून तिसरं म्हंजे यादी, त्याच्या बाजूले पत्रं, खाली कोपऱ्यात हजेरी. वावरातली झाडं कशी पाठ असते मानसाले, तसं. आन एक गोष्ट ते कधी नाई इसरले. जागेवरून उठाचं असलं, पानी प्याले का होईना, की दोन बटनं दाबून स्क्रीनले कुलूप. पासवर्ड कोनाले माहीत नाई. आमच्या अध्यक्षांले, रामकिसनभाऊंले, त्यायलेही नाई. म्हनत, "घराची चाबी गल्लीत वाटत नसते."

आता त्या दिवसाचं महत्त्व ऐका. जिल्ह्यातल्या बाजारात भाजीवाल्यायसाठी पक्के ओटे बांधले होते, वरतं पत्र्याचं छप्पर. इतके वर्षं बाया रस्त्याच्या कडेले पोतं टाकून बसत, उन्हात, धुळीत, मागून मोटरसायकलचा हॉर्न. आता ओटा भेटनार! पन भेटनार कोनाले? ज्याचं नाव संस्थेच्या यादीत हाये त्याले. यादी ऑनलाइन चढवाची, शेवटची तारीख तीच, पाच वाजता पोर्टल बंद. दोनशे चौदा नावं. तीन महिने बाबू गावोगाव फिरले, फॉर्म भरून घेतले, एका बोटानं एकेक नाव टाइप केलं. कागद आधीच वरच्या ऑफिसात जमा. यादी कुठी? फक्त बाबूच्या कॉम्प्युटरवर. पेनड्राइव्ह ते लावू देत नोते, म्हनत त्यातून रोगराई येते.

आन त्याच दिवशी, बरोब्बर त्याच दिवशी, पाऊणच्या सुमाराले रामकिसनभाऊंनी आतल्या खोलीतून आवाज देल्ला, "बाबू, लवकर या, वरच्या साहेबाचा फोन हाये!" आन बाबू धावले. आयुष्यात पहिल्यांदा कुलूप न लावता!

शुभांगीनं माह्याकडे पाह्यलं. मी पवनकडे पाह्यलं. कोन्या तरी एकानं नाई म्हनाले पायजे होतं का नोतं? कोनीच नाई म्हनलं. ती गेली, स्क्रीनचा जसाचा तसा फोटू काढला, तोच फोटू मागं चिकटवला, आन खरी चित्रं लपवून टाकली. म्हंजे दिसाले समदं तसंच, वरून तिसरं यादी, बाजूले पत्रं... पन तो नुसता फोटू! त्याच्यावर टिचक्या मारा, नाई तर डोकं आपटा, कायी उघडनार नाई. आन यादी जागच्या जागी सुखरूप. तिचा हिशोब साधा होता, बाबू दोन मिनिटं खटपट करतीन, मंग हाक मारतीन, "शुभांगी, हे पाय ना वं," ती जाईन, परत आनून देईन, हासू. दोन सेकंदाचं काम!

फोन झाला तसेच बाबू जेवाले गेले, सव्वाले येऊन बसले. टिचकी मारली. कायी नाई. परत मारली. आमी तिघं फायलीत तोंड खुपसून बसलो, खांदे हालून राह्यले. टिक टिक. टिक टिक. बाबूनं चष्मा काढला, पुसला, लावला. टिक टिक. कॉम्प्युटर बंद केला, सुरू केला. चित्रं परत तिथीच! टिक टिक टिक टिक... आता हाक मारतीन. आता मारतीन. शुभांगी अशी खुर्चीच्या टोकावर. मारून राह्यले का हाक? नाई! पंधरा मिनिटं झाले, वीस झाले. बाबूच्या कपाळावर घाम. आन तुमाले सांगतो, मानूस वरडला ना, तर धीर असते. हा मानूस वरडूनच नाई राह्यला! आमचं हासू तिथीच आटलं. पवन हळूच म्हने, "शुभांगी, सांगून टाक." ती उठली...

आन बाबूही उठले. दोन बटनं दाबली, स्क्रीनले कुलूप. टोपी घेतली, गाडीची चाबी घेतली, आन जिना उतरून गेले. कोनाले काही न बोलता. शुभांगी मागं पळाली, "बाबूजी! बाबूजी, थांबा ना!" खाली मोटरसायकलचा आवाज. गेले!

पावणेदोन.

फोन लावला. बाबूच्याच टेबलावर, फायलीखाली वाजला.

आता आलं का ध्यानात? दोन सेकंदाचं काम होतं, पन ते दोन सेकंद त्या कुलुपाच्या आतमंधी! पासवर्ड बाबूच्या डोक्यात, डोकं मोटरसायकलवर, आन मोटरसायकल कुठी? पवननं दोन-चार पासवर्ड टाकाची गोष्ट काढली, त्याले म्या खाली बसवलं. तितक्यात आतून रामकिसनभाऊ, "कावं शुभांगी, यादी गेली काय?" तिच्या वतीनं म्याच म्हनलं, "होऊन राह्यली, भाऊ!" होऊन राह्यली!

खाली चहावाल्याले इचारलं. तो म्हने, "बाबू शिरपूरकडे गेले. मी चहा म्हनलं तर माह्याकडे पाह्यलंही नाई." शुभांगीनं डोक्याले ओढनी बांधली, स्कुटी काढली. सव्वादोन झाले होते. पुढचं समदं तिनंच मले सांगतलं, नंतर, एक डोळा पुसत.

शिरपूर म्हंजे पाऊण घंट्याचा रस्ता. रस्ताभर ती सोतालेच बोलून राह्यली. 'बाबूजी, मी गंमत केली.' नाई, असं नाई. 'बाबूजी, चुकून झालं.' चुकून फोटू निंगते काय? 'बाबूजी, यादी हाये, तिथीच हाये...' हे पहिले सांगाचं! मंग बाकीचं. आन डोळ्यापुढं कोन, तर दोनशे चौदा मानसं. तिच्या मायची मावशीही त्याच यादीत, मेथी घेऊन बसते. वर्षभर तिनं परत रस्त्याच्या कडेले बसाचं, आन तेही भाचीच्या पोरीच्या गमतीपायी?

शिरपूर जवळ आलं. आन रस्त्याच्या कडेले, एका वावराच्या धुऱ्यापाशी, म्हंजे बांधापाशी, बाबूची मोटरसायकल. नुसती मोटरसायकल. हँडलले टोपी टांगलेली. मानूस नाई.

आन मोटरसायकलपासून वीस पावलांवर विहीर.

तुमाले काय सांगू, तिनं स्कुटी स्टँडलेही नाई लावली, आडवीच टाकली. विहिरीच्या काठाले गेली, वाकली, डोळे बंद. उघडाची हिंमत होईना. तिच्या मनात एकच, 'त्या मानसानं तीन महिने एका बोटानं... आन मी...' उघडले डोळे. खाली हिरवं पानी, मोटरचा पाइप, आन एक बेंडूक तिच्याकडे पाहून राह्यला.

"कावं पोरी, विहिरीत वाकून काय पाहून राह्यली वं?"

मागं प्रयागबाई उभी, कमरेवर वांग्याचं टोपलं. आमची सभासद, शिरपूरच्या बाजारात तीस वर्षं वांगे इकते. शुभांगीच्या तोंडून नुसतं "बाबूजी..." इतकंच निंगालं.

"बाबू? ते काय तिथी, निंबाखाली. त्यायच्या गाडीतलं पेट्रोल संपलं. आले तवापासून लिहूनच राह्यले. पानी देल्लं तर तेही नाई प्याले."

निंबाखाली बाज. बाजेवर हेमसिंगबाबू, मांडीवर प्रयागबाईच्या नातीची शाळेची वही. लिहून राह्यले. काय लिहून राह्यले? नावं! डोक्यातून! नाव, बापाचं नाव, गाव, काय पिकवते ते. अर्ध्या घंट्यात एकाहत्तर झाले होते. त्यायच्या मनात असं, की यादी आपल्याच हातून मेली. आपल्यालेच हे यंत्र जमलं नाई. कोनाले सांगाचं नाई, तोंड दाखवाचं नाई. जितके आठवतीन तितके लिहाचे, बाकीचे गावात फिरून इचाराचे, आन कोनत्या तरी कॉम्प्युटरच्या दुकानात बसून पाचच्या आत चढवाचे. जमलं असतं का हो? नसतं जमलं. त्यायलेही माहीत होतं नसतं जमत. पन लिहून राह्यले.

बाबूनं मान वर न करता म्हनलं, "शुभांगी, बरी आली. तुहे बोटं जोरात चालते. बस. उकळीपेन गावचा... गणपत बोडखे, त्याच्या बापाचं नाव काय वं?"

आन तिले रडू फुटलं.

"बाबूजी, यादी हाये. कुठीच गेली नाई. म्या लपवली. गंमत केली, बाबूजी. दोन सेकंदाचं काम हाये, मी आता आनून देते..."

बाबूचा पेन थांबला. प्रयागबाई एकदा हिच्याकडे पाहे, एकदा त्यायच्याकडे. शुभांगी म्हनते, भाऊ, एक थापड मारली असती ना, तर मी पाया पडली असती त्यायच्या. पन नाई! बाबूनं पेनाले टोपन लावलं. वही बंद केली. आन इतकंच इचारलं,

"म्हंजे... माह्या हातून नाई गेली?"

"नाई, बाबूजी."

मंग पानी प्याले, अख्खा तांब्या. तितक्यात प्रयागबाईनं वही उचलली, नातीले बोलावलं, "वाच वं, आपल्या गावचे वाच." पोरीनं वाचले. प्रयागबाई म्हने, "आन कस्तुराबाई कुठी हाये? माह्या बाजूले बसते ते? फॉर्म तर तुमीच भरला होता तिचा, माह्या घरच्या वट्ट्यावर बसून!"

बाबूचं तोंड उतरलं. डोळे मिटून मनातल्या मनात अख्खी यादी वरपासून खाली गेली. "नाई टाकलं," म्हने. "कॉम्प्युटरातही नाई टाकलं. माह्यानंच सुटलं."

हे त्यायनं शुभांगीपुढं कबूल केलं बरं का. मंग उठले, गाडीपाशी जाऊन हँडलची टोपी घातली. "चाल. किती वाजले?"

सव्वातीन होऊन गेले होते.

मोटरसायकलले पेट्रोल नाई. म्हंजे स्कुटीच. हेडक्लार्क मागं, दोन्ही हात सोताच्या गुडघ्यावर, ताठ. पाऊण घंटा एक शब्द नाई! ती आरशात पाहे, तर आरशात नुसती टोपी. अर्ध्या रस्त्यात कुटारानं, जनावराच्या भुश्शानं, भरलेली ट्रॉली रस्त्यात आडवी झालेली, दोनी बाजूनं गाड्या. वीस मिनिटं! बाबू उतरले, पुढं गेले, धा मानसं जमवले, कडेचे गोटे हालवले, स्कुटी जाईन इतकी वाट केली. परत येऊन बसले.

इकडे आमची काय गत? रामकिसनभाऊ पाचव्यांदा बाहेर, "यादी गेली काय?" म्या म्हनलं, "नेट जरा हळू हाये, भाऊ." ते म्हने, "बाबू कुठी?" पवन म्हने, "पान्याले गेले." दोन घंट्यापासून पान्याले! विहीर खांदून राह्यले काय?

चार पस्तीसले जिन्यावर पावलं वाजले. बाबू बसले. आमी समदे मागं उभे. "तोंडं फिरवा," बाबू म्हने. अशा टायमालेही पासवर्डची लाज! आमी फिरलो, भिताडाकडे पाहात उभे. टक, टक, टक... चुकलं. टक, टक, टक... परत चुकलं! शुभांगी भिताडाकडे पाहूनच हळू म्हने, "बाबूजी, घाई नका करू." तिनं म्हनावं! टक... टक... टक... उघडलं!

ती पुढं झाली. उजवं बटन, टिचकी, टिचकी. चित्रं जागेवर. खरंच हो, दोन सेकंदही नाई लागले.

पावणेपाच. आता चढवाचं फक्त. तर बाबू म्हने, "थांब. कस्तुराबाई." शुभांगी म्हने, "बाबूजी, मी टाकते, लवकर होईन." बाबू म्हने, "माह्यानं सुटलं, मीच टाकीन." आन एका बोटानं... क... शोधला क... स्... तुमाले सांगतो, त्या एका नावाले जे चार मिनिटं लागले, तितकं तर मी माह्या बायकोच्या बाळंतपणातही घाबरलो नोतो! चार बावन. यादी चढवली. स्क्रीनवर गोल फिरून राह्यलं. 'कृपया प्रतीक्षा करा.' गोल, गोल, गोल. चार पंचावन. गोल. शुभांगीनं ओढनीचं टोक दातात धरलेलं. चार सत्तावन. मागून रामकिसनभाऊ, "यादी..." आमी तिघंही एकदम, "चुप बसा ना, भाऊ!" अध्यक्षांले!

चार अठ्ठावन. हिरवी पट्टी आली. दोनशे पंधरा नावं, स्वीकारली.

पवन खालीच बसला, फरशीवर. शुभांगी बाबूच्या समोर जाऊन उभी, मान खाली, आता बोलतीन, आता बोलतीन. बाबूनं स्क्रीनले कुलूप लावलं, टोपी घेतली, म्हने, "मले पेट्रोल पंपापर्यंत सोड, तिथून मी शिरपूरच्या बसनं जाईन." सोडलं. संपला दिवस.

संपला म्हनता? दुसऱ्या दिवशी पोट्टी भेत भेत आली. बाबू रामकिसनभाऊले सांगतीन, लेखी घेतीन. नाई! "जेवली काय वं," इतकंच. चार दिवस झाले, आठ झाले. कायी नाई. मंग तिच्या डोक्यात आलं, की बाबू तक्रार नाई करनार, ते गंमतीचा बदला गंमतीनंच घेतीन. सकाळी आली की पहिले खुर्ची हालवून पाहे. कीबोर्ड झटके. तार तपासे. स्क्रीनवरचं एकेक चित्र उघडून पाहे, खरं हाये का फोटू. कायीच नाई! पंधरा दिवस मानूस कायीच करून नाई राह्यला! शेवटी गेली त्यायच्या टेबलापाशी, हात जोडून. "बाबूजी, एकदाचं करून टाका ना काय कराचं ते."

बाबूनं चष्म्यावरून पाह्यलं. म्हने, "अजून केलं नाई, असं तुले कोनं सांगतलं?"

आन गेले पान्याले. स्क्रीनले कुलूप लावून!

झालं! तवापासून पोट्टी शोधून राह्यली. पत्रं टाइप केले की तीनतीनदा वाचते, एकेक अक्षर, एकेक मात्रा, कुठी काही आपोआप बदलून तर नाई राह्यलं! यादीतलं नाव नावाशी ताडून पाहाते. दुपारी बाराले संपनारं काम आता साडेपाचले संपते, मोबाइल पर्समधून निंगत नाई, आन चूक म्हनसान तर औषधाले सापडत नाई. परवा रामकिसनभाऊ समद्यायपुढं म्हने, "आपल्या शुभांगीचं काम लय सुधारलं हो!" बाबू फायलीतून मान वर न काढता म्हने, "मेहनती पोरगी हाये."

तर ती माह्या कानापाशी येऊन काय म्हनते माहीत हाये? तोंड हे असं पांढरं. "भाऊ, त्यायनं जे केलं म्हनते ना... ते हेच तर नसन?"

आता सांगा तुमी. मी काय सांगू तिले?